तारखेला कुणीच आलं नाही म्हणून दिवाळखोरीची याचिका फेटाळली, म्हणजे नेमकं काय झालं?

शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर एखाद्या कंपनीची छोटीशी सूचना झळकते: आमच्याविरुद्ध एनसीएलटी या न्यायाधिकरणात असलेली दिवाळखोरीची याचिका फेटाळण्यात आली आहे. तासाभरात गुंतवणूकदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘क्लीन चिट मिळाली’ असे निरोप फिरू लागतात. ज्याचे पैसे त्या कंपनीकडे अडकलेत, तो पुरवठादार डोक्याला हात लावून बसतो. संध्याकाळी कुणीतरी निकालाची प्रत शोधून काढतं. जेमतेम दीड पान. त्यात कर्जाबद्दल अवाक्षर नाही. पुकारा झाला तेव्हा अर्जदारातर्फे कुणी हजर नव्हतं, मागच्या तारखांनाही नव्हतं, अर्ज चालवण्यात अर्जदाराला रस दिसत नाही, सबब अर्ज काढून टाकण्यात येतो, एवढाच मजकूर.

यात कंपनीने काही जिंकलेलं नाही. देणं आहे की नाही, हा प्रश्न कुणी तपासलाच नाही. तरीही या दीड पानाचे परिणाम मोठे असू शकतात, आणि ते कुणावर होतात हे दोन गोष्टींवर ठरतं: खुर्ची कुणाची रिकामी होती, आणि प्रकरण कोणत्या टप्प्यावर होतं.

आधी पायाभूत माहिती

कंपन्यांच्या दिवाळखोरीचा कायदा म्हणजे २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता. वकील आणि बँकवाले तिला ‘आयबीसी’ म्हणतात. ही प्रकरणं राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे, म्हणजे एनसीएलटीपुढे चालतात. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कंपन्यांसाठी मुंबईचं खंडपीठ आहे.

अर्ज तिघांना करता येतो. कर्ज दिलेल्या बँकेला किंवा वित्तसंस्थेला कलम ७ खाली, माल किंवा सेवा पुरवून बिल थकलेल्याला कलम ९ खाली, आणि स्वतः कंपनीला कलम १० खाली. थकबाकी किमान १ कोटी रुपयांची हवी. २४ मार्च २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती, त्यामुळे छोट्या पुरवठादारांपैकी कितीतरी जण एका रात्रीत या दारातून बाहेर पडले. फ्लॅट घेणाऱ्यांनाही २०१८ पासून बँकांच्या रांगेत बसवलं आहे, पण अर्ज करायला एकाच प्रकल्पातले १०० जण किंवा एकूण खरेदीदारांपैकी १० टक्के, यातला जो आकडा कमी असेल तेवढे एकत्र यावे लागतात.

अर्ज केला म्हणजे दिवाळखोरी सुरू झाली, असं नाही. न्यायाधिकरण कागद बघतं, दोन्ही बाजू ऐकतं आणि मग अर्ज स्वीकारायचा की नाही ते ठरवतं. याला ‘ॲडमिट होणं’ म्हणतात. कायद्यात त्यासाठी १४ दिवस दिलेत, पण ती मुदत बंधनकारक नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं. प्रत्यक्षात महिनोन्‌महिने तारखा पडतात, आणि गैरहजेरीची बहुतेक प्रकरणं याच लांबलेल्या काळात घडतात. ॲडमिट होण्याआधीची गैरहजेरी आणि नंतरची गैरहजेरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी पहिली पाहू.

गुणपत्रिकेवरचा ‘गैरहजर’ आणि ‘नापास’

दहावीच्या गुणपत्रिकेवर एखाद्या विषयापुढे ‘नापास’ असेल तर पेपर तपासला गेला आणि गुण कमी पडले. ‘गैरहजर’ असेल तर पेपर तपासलाच नाही. मुलाला गणित येतं की नाही, याबद्दल मंडळाचं काहीच म्हणणं नाही. एनसीएलटीच्या २०१६ च्या नियमावलीतला नियम ४८ हाच भेद करतो.

तो नियम असा: सुनावणीच्या दिवशी अर्जदार हजर नसेल तर न्यायाधिकरणापुढे दोन पर्याय असतात. अर्ज गैरहजेरीपायी काढून टाकायचा, किंवा हाती असलेल्या कागदांवरून गुणवत्तेवर, म्हणजे मागणीत तथ्य आहे का हे तपासून, निकाल द्यायचा. पहिला पर्याय वापरला तर अर्जदाराला ३० दिवसांत पुन्हा दार ठोठावता येतं. न येण्यामागे पुरेसं कारण होतं हे पटवून दिलं, तर अर्ज मूळ नंबरावर घ्यावाच लागतो, म्हणजे जुन्याच क्रमांकाने पुन्हा सुरू करावा लागतो; तिथे न्यायाधिकरणाची मर्जी चालत नाही. दुसरा पर्याय वापरला असेल तर हे दार बंद. गुणवत्तेवर झालेला निकाल या नियमाखाली पुन्हा उघडता येत नाही, अपिलातच जावं लागतं.

म्हणून ‘फेटाळली’ या एका शब्दावर थांबायचं नाही. निकाल इंग्रजीत असतो. त्यात ‘डिसमिस्ड फॉर डिफॉल्ट’ किंवा ‘फॉर नॉन-प्रॉसिक्युशन’ असं असेल तर तो गैरहजेरीचा निकाल. आणि कधीकधी शेवटच्या ओळीत ‘लिबर्टी’ असा शब्द असतो, म्हणजे नव्याने अर्ज करायची मुभा राखून ठेवली आहे. या शब्दाची किंमत पुढे कळेल.

एक तारीख चुकली की अर्ज गेला, अशी भीती बाळगायचं मात्र कारण नाही. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, रोज ढीगभर प्रकरणं असतात, वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला असतो, ऑनलाइन जोडलेल्याचा आवाज येत नाही. सहसा एक-दोनदा पुढची तारीख मिळते, मग ‘शेवटची संधी’ असं रोजनाम्यात लिहिलं जातं, कधी खर्चाचा दंड बसतो, आणि त्यानंतरही कुणी आलं नाही तर अर्ज काढला जातो. तेव्हा निकालात ‘शेवटची संधी’ ही ओळ दिसली, तर अर्जदाराचं कारण ऐकून घेण्याची न्यायाधिकरणाची तयारी तेवढी कमी झालेली असते.

भोसरीच्या वर्कशॉपचं उदाहरण

समजा, भोसरीतल्या एका वर्कशॉपने चाकणच्या कंपनीला मशीन केलेले सुटे भाग पुरवले. मुद्दलाचे १ कोटी १८ लाख रुपये थकले. पैसे द्यायची मुदत १ जुलै २०२२ ला संपली. कलम ८ ची मागणी नोटीस नोव्हेंबर २०२४ मध्ये गेली. तिला उत्तर द्यायला १० दिवस असतात. कंपनी गप्प राहिली. जानेवारी २०२५ मध्ये कलम ९ खाली अर्ज झाला, सरकारी शुल्क २ हजार रुपये. (बँकेला याच दारातून जायला २५ हजार पडतात. पुरवठादारासाठी शुल्क किरकोळ आहे. खरा खर्च वकिलाचा आणि मुंबईच्या फेऱ्यांचा.)

आता दोन शक्यता बघू.

पहिल्या शक्यतेत अर्ज १० एप्रिल २०२५ ला गैरहजेरीमुळे काढला गेला. वर्कशॉपच्या मालकाकडे १० मेपर्यंतचे ३० दिवस आहेत. हे दिवस निकालाच्या तारखेपासून मोजले जातात, प्रत हातात पडल्यापासून नाहीत. त्या मुदतीत कारणासह अर्ज केला आणि तो मान्य झाला, तर मूळ अर्ज जिवंत होतो, जानेवारी २०२५ या आपल्या जुन्या तारखेसकट. ३० दिवस हुकले तरी सगळं संपलं असं नाही. निकालाने नव्या अर्जाची वाट बंद केलेली नसेल, तर १ जुलै २०२५ पर्यंत नवा अर्ज करायला वाव आहे, कारण थकबाकीच्या तारखेपासून ३ वर्षांची कालमर्यादा अजून संपलेली नाही.

दुसऱ्या शक्यतेत तोच अर्ज सप्टेंबर २०२५ मध्ये काढला गेला. इथे ३० दिवस हुकले की मालक गोत्यात. ३ वर्षं जुलैमध्येच उलटली आहेत. जुना अर्ज प्रलंबित होता, तेवढे महिने वजा करा म्हणावं, तर मुदत कायद्यात ती सवलत मुख्यतः अधिकारक्षेत्र नसलेल्या कोर्टात प्रामाणिकपणे दाद मागणाऱ्यासाठी आहे. तारखेला न येणाऱ्याला ती सहसा मिळत नाही. उरतो विलंब माफीचा अर्ज, ज्याचा भरवसा नाही. किंवा मग कंपनीने दरम्यान लेखी देणं कबूल केल्याचा पुरावा. असा पुरावा मुदत संपण्यापूर्वीचा असेल तर घड्याळ तिथून नव्याने सुरू होतं. कंपनीच्या ताळेबंदातली नोंदसुद्धा अशी कबुली ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर पैसे भरून कुणालाही बघता येतो. मात्र नोंदीखाली लेखापरीक्षकाने किंवा संचालकांनी काही शेरा मारलाय का, तेही वाचावं लागतं.

एकच गैरहजेरी, एकच निकाल, आणि पाच महिन्यांच्या फरकाने एकाची नुसती धावपळ तर दुसऱ्याचे १ कोटी १८ लाख धोक्यात. जुना अर्ज नंबरावर घेणं आणि नवा अर्ज करणं हे वरवर सारखंच वाटतं, पण जुन्या अर्जाबरोबर जुनी तारीख परत मिळते आणि नव्याबरोबर ती मिळत नाही. मुभा राखून ठेवलेला निकालही कालमर्यादा वाढवत नसतो.

दिवाळखोरीचा रस्ता बंद झाला म्हणून कर्ज माफ झालं, असंही नाही. पण साधा वसुलीचा दावा लावायचा तर त्यालाही ३ वर्षांचीच मुदत, म्हणजे दुसऱ्या शक्यतेत तीही वाट अडचणीचीच.

‘पण वकील आला नाही, यात माझा काय दोष?’

हा प्रश्न रास्त आहे, आणि न्यायालयांनी तो तसाच मानला आहे. १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी होती की वकील नेमून, फी भरून, खेड्यातला पक्षकार निर्धास्त झाला असेल, तर वकिलाच्या चुकीची शिक्षा त्याला देऊ नये. त्याआधी १९५५ मध्ये, संग्राम सिंह खटल्यात, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी कार्यपद्धतीचे नियम न्याय पुढे नेण्यासाठी असतात, माणसाला पाय अडकवून पाडण्यासाठी नसतात, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. बोस एकेकाळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

तरी माझ्या मते या निकालांवर कारखानदाराने फार विसंबू नये. रफिकच्या खटल्यातला पक्षकार आणि कोटीची थकबाकी मागणारी कंपनी यांना एकच माप लागत नाही. कंपनीकडे हिशेबनीस असतो, ईमेल असतो, आणि बोर्ड व आदेश एनसीएलटीच्या संकेतस्थळावर रोज येतात. प्रकरण क्रमांक टाकून पुढची तारीख बघायला दोन मिनिटं लागतात. ‘वकिलांनी कळवलंच नाही’ हे कारण एका तारखेला चालून जातं; सलग तीन तारखांना ते सांगितलं, तर तुम्ही विचारलंत का, असा उलट प्रश्न येतो.

वकीलच हवा, असंही नाही. कंपनी कायद्यानुसार एनसीएलटीपुढे पक्षकार स्वतः उभा राहू शकतो, किंवा चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट यांना पाठवू शकतो. वकील आजारी आहे म्हणून निदान पुढची तारीख मागायला तरी कुणी असलंच पाहिजे.

गैरहजेरीचं आणखी एक कारण कुणी उघड बोलत नाही: आतल्या आत तडजोड. कंपनी घाबरून अर्धे पैसे देते, बाकीचे हप्त्याने कबूल करते, आणि पुरवठादार तारखेला जाणं सोडून देतो. अर्ज गैरहजेरीत निघून जातो, दोघंही खूश. मग चौथा हप्ता चुकतो. रीतसर करायचं तर ॲडमिट होण्याआधी अर्ज मागे घेता येतो, आणि तडजोडीच्या अटी लेखी दाखल करून ‘हप्ता चुकला तर अर्ज पुन्हा जिवंत करण्याची मुभा’ आदेशात नोंदवून घेता येते. एका तारखेचं काम. ते टाळून गैरहजर राहणं म्हणजे हातातलं हत्यार नदीत सोडून देणं.

समोरची कंपनीच आली नाही तर?

इथे लोकांचा हमखास गैरसमज असतो. दोघांपैकी कुणीही न आल्याने प्रकरण पडतं, असं वाटून काही संचालक नोटीस टेबलाच्या खणात टाकतात. नियम ४९ सांगतो की अर्जदार हजर आणि प्रतिवादी गैरहजर असेल, तर न्यायाधिकरण पुढची तारीख देऊ शकतं किंवा एकतर्फी सुनावणी घेऊन निकाल देऊ शकतं.

एकतर्फी म्हणजे डोळे मिटून नव्हे. थकबाकी आहे का, ती कोटीच्या वर आहे का, मुदतीत आहे का, हे न्यायाधिकरणाला बघावंच लागतं. पण पुरवठादाराच्या अर्जात कंपनीचा सगळ्यात मोठा बचाव असतो तो ‘आधीपासूनचा वाद’: माल सदोष होता, वजन कमी भरलं, आम्ही त्या वेळीच ईमेल केला होता. असा खरा वाद नोटिशीच्या आधीपासून असेल तर अर्ज स्वीकारला जात नाही. मोबिलॉक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते स्पष्ट केलं. आता तो ईमेल दाखवायलाच कुणी आलं नाही, तर अर्जदाराच्या कागदात तो कशाला सापडेल?

अर्ज ॲडमिट झाला की त्याच दिवसापासून कंपनीचा कारभार संचालक मंडळाच्या हातून जातो आणि न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे येतो. बोलीभाषेत तो ‘आरपी’ (रिझोल्यूशन प्रोफेशनल). बँक खात्यावरची सही त्याची. कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली स्थगित. वर्तमानपत्रात जाहीर सूचना. एका पुरवठादाराच्या सव्वा कोटीपायी शंभर कोटींची कंपनी या चक्रात अडकू शकते.

सुटायचे मार्ग आहेत. नोटीस बजावलीच गेली नव्हती किंवा येणं खरोखर अशक्य होतं, हे दाखवून एकतर्फी सुनावणी रद्द करून घेता येते. किंवा ३० दिवसांत अपील करता येतं. कारण दाखवलं तर आणखी १५ दिवस, त्यापुढे एकही नाही. हे दिवस आदेश जाहीर झाल्यापासून मोजायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसकेएस इस्पातच्या प्रकरणात ठरवलं. अपील कंपनीच्या नावाने करण्याची चूकही होते. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजच्या प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरपी आल्यावर जुन्या संचालकांना कंपनीतर्फे अपील चालवता येत नाही. अपील करायचं तर स्वतःच्या नावाने.

‘नोटीस मिळालीच नाही’ हा बचाव कितपत टिकतो? नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर जाते, जो कंपनी निबंधकाच्या दफ्तरी आहे. कितीतरी छोट्या कंपन्यांचा हा पत्ता म्हणजे सीएचं जुनं ऑफिस, नाहीतर मालकाचा विकलेला फ्लॅट. पाकीट ‘लेफ्ट’ असा पोस्टमनचा शेरा घेऊन परत येतं. पण योग्य पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असंच कायदा धरून चालतो. पोचलं नाही हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर येते. पत्ता बदलल्याचा फॉर्म आपणच भरला नसेल, तर सहानुभूती मिळणं कठीण.

अर्ज स्वीकारल्यावर अर्जदार आला नाही तर?

काही बिघडत नाही. ॲडमिट झाल्यावर ते प्रकरण भोसरीच्या वर्कशॉपचं राहत नाही, सगळ्या धनकोंचं होतं. स्विस रिबन्सच्या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते नीट मांडलं आहे. मूळ अर्जदार घरी बसला तरी आरपी काम करतो, धनकोंची समिती बसते, मुदतीचं घड्याळ (१८० दिवस, वाढवून २७०, कोर्टकज्ज्यांसह ३३०) चालूच राहतं. तडजोड झाली तरी समिती बसल्यावर अर्ज मागे घ्यायला ९० टक्के मतं लागतात.

या टप्प्यावर गैरहजेरीचा फटका वेगळ्यांनाच बसतो. एक म्हणजे जुने संचालक: आरपीला हिशेबाची पुस्तकं आणि मालमत्ता सोपवली नाही, तर न्यायाधिकरणाचा आदेश येतो आणि कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दुसरे फ्लॅटधारक. समितीत त्यांच्या वतीने एक प्रतिनिधी बसतो आणि मतदान केलेल्यांच्या एकूण मतहिश्श्यापैकी (तो ज्याच्या-त्याच्या येणे रकमेवर ठरतो) निम्म्याहून जास्त हिश्श्याने जे सांगितलं, तेच सगळ्या फ्लॅटधारकांचं मत म्हणून टाकतो. सातशे जणांपैकी दोनशेंनीच ऑनलाइन मत दिलं, तर हिस्से सारखे धरल्यास एकशे एक जण उरलेल्या सगळ्यांचा निर्णय करून मोकळे होतात. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आम्हाला विचारलंच नाही’ असं जे नंतर लिहिलं जातं, त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

अर्ज करायचा आणि गायब व्हायचं

आतापर्यंतची गैरहजेरी निष्काळजीपणाची होती. हिशेबाने केलेली गैरहजेरीही असते.

कंपनीच्या बाबतीत वसुलीला स्थगिती मिळते ती अर्ज स्वीकारल्यावर. पण कंपनीच्या कर्जाला ज्याने स्वतःची हमी दिली, त्या हमीदाराच्या दिवाळखोरीची तरतूद १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली, आणि तिथे २०१६ च्या मूळ कायद्याने वेगळंच लिहिलं होतं. कलम ९६ नुसार हमीदाराने अर्ज केला की त्याच दिवसापासून अंतरिम स्थगिती. अर्जात तथ्य आहे का, हे कुणी बघण्याआधीच.

आता कल्पना करा. बँक उद्या बंगल्याचा ताबा घेणार आहे. आज हमीदार स्वतःच्या दिवाळखोरीचा अर्ज करतो. कारवाई थांबते. मग त्याला तारखेची घाई कशाला असेल? कागदात त्रुटी ठेवायच्या, आरपीला माहिती द्यायची नाही, सुनावणीला यायचं नाही. जितके दिवस लांबेल तितके दिवस बंगला शाबूत. इथे अर्जदाराच्या गैरहजेरीत अर्ज काढून टाकणं म्हणजे धनकोंची सुटका असते, कारण अर्ज गेला की स्थगितीही जाते. वरच्या भोसरीच्या उदाहरणात जो नियम निर्दयी वाटतो, तोच इथे संरक्षण करतो. न्यायाधिकरणाकडे तो विवेकाधिकार का ठेवलाय, ते इथे समजतं.

या पळवाटेकडे इतरांचंही लक्ष गेलं आहे. ग्राहक आयोगाने बिल्डरला ठोठावलेला दंड या स्थगितीच्या आडोशाने टाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं. प्रकरण फ्लॅटचा ताबा न दिल्याचं होतं. आणि १२ ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात अशा हमीदारांसाठी ही अंतरिम स्थगितीच काढून टाकण्याचा प्रस्ताव होता.

अमेरिकेत अर्ज करताच स्थगिती मिळण्याची सोय सरसकट सगळ्यांना आहे, म्हणून तिथले नियमही त्या मानाने कडक. कर्जदाराला कलम ३४१ खालच्या धनकोंच्या बैठकीला जातीने जावं लागतं. नाही गेला तर अर्ज काढला जाऊ शकतो. मुद्दाम कोर्टापुढे न आल्यामुळे अर्ज गेला, तर १८० दिवस नवा अर्ज करता येत नाही. आणि वर्षभरात दुसरा अर्ज केलाच, तर स्थगिती आपोआप मिळते ती ३० दिवसांचीच. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं; तिथली बैठक म्हणजे आपल्याकडच्यासारखी ‘पुढची तारीख घेऊ’ म्हणायची जागा नाही.

कंपनी नसलेल्या साध्या माणसाचं काय?

कुणाची हमी न घेतलेल्या, नुसत्या स्वतःच्या कर्जात बुडालेल्या माणसासाठी आयबीसीचा भाग लागू झालेला नाही. त्याला अजून इंग्रजांच्या काळातले कायदे: मुंबई शहरात १९०९ चा, बाकी महाराष्ट्रात १९२० चा. १९२० च्या कायद्यात गैरहजेरीचं कलम अगदी रोखठोक आहे. कोर्टाने नादार ठरवल्यावर कर्जमुक्तीसाठी अर्ज करावा लागतो. त्या अर्जाच्या सुनावणीला कर्जदार आला नाही, किंवा दिलेल्या मुदतीत अर्जच केला नाही, तर नादार ठरवल्याचा आदेशच रद्द होतो. ज्या छत्राखाली तो उभा होता ते गेलं आणि धनको पुन्हा दारात. वर पुन्हा नादारीचा अर्ज करायचा, तर त्याच कोर्टाची परवानगी हवी.

बातमी वाचताना काय बघायचं

‘याचिका फेटाळली’ अशी बातमी आली की कंपनीच्या सूचनेवर न थांबता एनसीएलटीच्या संकेतस्थळावर खंडपीठ आणि प्रकरण क्रमांक टाकून आदेश उघडा. आयबीसीच्या प्रकरणांच्या क्रमांकात ‘सीपी’ आणि ‘आयबी’ ही अक्षरं असतात. आदेशात थकबाकीची चर्चा आहे की नुसती हजेरीची, हे पहिल्या नजरेत कळतं. वाद होता म्हणून, कालमर्यादा संपली म्हणून, रक्कम कोटीच्या आत होती म्हणून फेटाळली असेल, तर कंपनीच्या बाजूने काहीतरी ठरलं आहे. नुसती हजेरी असेल तर काहीच ठरलेलं नाही.

मग त्याच कंपनीच्या नावाने आणखी शोध घ्या. एका धनकोचा अर्ज पडल्याने दुसऱ्याचा पडत नाही. बँकेचा कलम ७ चा अर्ज शेजारच्या कोर्टात चालू असू शकतो, आणि तो पुरवठादाराच्या अर्जापेक्षा कितीतरी वजनदार असतो. ताज्या तिमाहीच्या निकालाखालच्या टिपा वाचा, वादग्रस्त देण्यांत ही रक्कम अजून दिसते का ते बघा. आणि आदेशाच्या तारखेपासून ३० दिवस झाले, की मूळ क्रमांक एकदा परत टाकून बघा. अर्ज पुन्हा नंबरावर घेण्याची मागणी झाली असेल, तर ती तिथेच दिसेल. कंपनी तिची वेगळी सूचना बाजाराला देईलच, याच्या भरवशावर राहू नका.